इंग्रजी येत नाही, सीएसआर मिळत नाही, मग वसतिगृह चालवायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की चाळीस मुलं मागे राहतात, आणि त्यांच्यासाठी तुमची संस्था आठ वर्षं हंगामी वसतिगृह चालवते. पैसे आजवर अध्यक्ष सरांनीच आणले, ते निवृत्त मुख्याध्यापक, वय अडुसष्ट. त्यांच्या ओळखीचे पुण्यातले एक देणगीदार निम्म्याहून जास्त खर्च उचलायचे, यंदा त्यांनी थांबवलं. आता एक गृहस्थ म्हणतायत सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा निधी, मिळवून देतो, पंधरा टक्के माझे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "आमच्यात कुणाला इंग्रजी येत नाही, प्रपोजल लिहिता येत नाही, मग आमच्यासारख्यांनी निधी उभा करायचाच नाही का?"

मी एकोणीस वर्षं या कामात आहे. सुरुवात एका संस्थेत पावतीपुस्तकं जुळवण्यापासून झाली, आता छोट्या संस्थांना हिशोब आणि निधी या दोन्हीत मदत करते. तर माझ्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण इंग्रजीची नाहीये. पैसे मागायचं काम एका माणसाच्या खिशात आहे ही अडचण आहे. चाळीस मुलांचं जेवण दोन माणसांच्या मैत्रीवर चाललं होतं, ती मैत्री चांगलीच होती, पण उद्या सरांनाच बरं नसलं तर तुमच्यातल्या कुणाला माहितीये की कुणाला फोन करायचा, किती मागायचे, काय सांगायचं? इंग्रजी येणारा एखादा मुलगा ठेवलात तरी हे बदलत नाही, फक्त खिसा बदलतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी आयकर नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सूट देणारी) चालू आहे का, तुमच्यासकट राबणारे हात किती, आणि सर मनाने किती मोकळे आहेत. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर शेवटी येते.

आधी त्या पंधरा टक्केवाल्यांचं. नको म्हणा. कुणी प्रपोजल लिहून दिलं, अकाउंट नीट लावून दिले तर त्याचे ठरलेले पैसे जरूर द्या, ते काम आहे. पण मिळालेल्या रकमेवर टक्का ठरला की त्या माणसाला रक्कम मोठी हवी असते, तुमचं काम कुठे जातंय याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. शिवाय देणाऱ्याला उद्या कळलं की शंभरातले पंधरा मध्येच गेले तर तो तुमच्याकडे परत बघणार नाही. आणि यातलेच काही जण पुढे हळूच म्हणतात की कंपनी दहा लाख देईल, त्यातले सहा कॅशमध्ये परत करायचे. हे ऐकलं की चहा पाजून निरोप द्या. ते बोगस हिशोबाचं काम आहे, नोंदणी जाते आणि सह्या विश्वस्तांच्या असतात, त्या गृहस्थांच्या नसतात.

आता करायचं काय. पहिलं काम कागद-पेन्सिलीचं, एका मुलाचा एका दिवसाचा खर्च काढा. तुमचे आकडे वेगळे असतील, मी अंदाजाने मांडून दाखवते. जेवण-नाश्ता मुलामागे रोज ६० रुपये धरले तर चाळीस मुलांचे महिन्याला ७२,०००. स्वयंपाकाच्या दोन ताई, प्रत्येकी ८,०००, झाले १६,०००. रात्री राहणाऱ्या आणि अभ्यास घेणाऱ्या दोघी, प्रत्येकी १२,०००, म्हणजे २४,०००. भाडं आणि लाइट १०,०००, वह्या-औषधं ६,०००, ऑडिट-प्रवास-फोन ४,०००. बेरीज १,३२,०००. चाळीसने भागलं की एका मुलाचे महिन्याला ३,३०० आणि दिवसाला ११० रुपये. सहा महिन्यांचा हंगाम म्हणजे मुलामागे १९,८०० आणि सगळ्यांचे मिळून ७ लाख ९२ हजार.

या ११० मध्ये पगार, भाडं, ऑडिट सगळं आहे हे नीट बघा, कारण बहुतेक संस्था इथेच फसतात. लोकांना जेवणाला द्यायला आवडतं, वाढदिवसाला गोडधोड द्यायला तर फारच आवडतं. मी एक वसतिगृह बघितलंय जिथे एका आठवड्यात तीनदा केक आला आणि त्याच महिन्यात गृहमातेचा पगार तीन महिन्यांचा थकला होता. चूक केक आणणाऱ्यांची नव्हती, संस्थेने त्यांना सांगितलंच नव्हतं की रात्री दोन वाजता मुलाला ताप आला तर जी बाई उठते तिचा खर्च कोण देतंय. म्हणून "एक दिवसाचं जेवण ६० रुपये" असं तोडून मागू नका, "एका मुलाचा एक दिवस ११० रुपये" असं मागा, आणि कुणी विचारलं की यात काय काय येतं तर न लाजता सांगा की पगार येतो. केकवाल्यांनाही प्रेमाने सांगा, केक एकच आणा, उरलेल्यात पाच मुलांचा दिवस, आणि मुलांना रांगेत उभं करून फोटो नको. आपल्या घरात कुणी येऊन आपल्या पोरांना असं उभं केलं तर आपल्याला चालेल का, एवढंच विचारायचं.

आता हा आकडा हातात आला की गंमत बघा. ७ लाख ९२ हजार ही रक्कम सांगितली की समोरच्याची छाती दडपते आणि आपलीही. पण ३३० रुपये म्हणजे एका मुलाचे तीन दिवस, आणि दोनशे माणसांनी वर्षभर महिन्याला ३३० दिले की बरोब्बर ७ लाख ९२ हजार होतात. मी असं म्हणत नाहीये की दोनशे माणसं पहिल्याच वर्षी मिळतील, नाही मिळणार. आम्ही एका संस्थेत हे सुरू केलं तेव्हा साठ जणांनी हो म्हटलं आणि वर्षाअखेर अडतीस उरले. पण ते अडतीस पुढच्या वर्षीही होते, आणि त्यातल्या एकाने हात काढला तर कुणाचं जेवण बंद पडत नव्हतं. यूपीआयवर ऑटोपे लावता येतो, पण आपल्याकडे बऱ्याच लोकांना परस्पर पैसे कापले जाणं आवडत नाही, त्यांना महिन्याच्या पाच तारखेला आठवणीचा मेसेज बरा वाटतो. दोन्ही सोय ठेवा.

हे काही नवीन नाहीये बरं का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, माणसामागे वर्षाला एक पैसा, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरातून मूठभर धान्य गोळा करून मुलांची वसतिगृहं चालवली. मुठीला कुणी प्रपोजल मागितलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे मूठ गरीब घरातली बाईसुद्धा देऊ शकत होती. देणाऱ्याची पायरी एवढी खाली आणली की मागणाऱ्याचीही भीती जाते, हे मला फार उशिरा कळलं.

मागणार कोण, हा पुढचा प्रश्न. माझं उत्तर, सगळ्यांनी. एक प्रसंग सांगते. एका पतसंस्थेचे संचालक आमच्या वसतिगृहावर आले होते, आमच्या सचिवांनी वीस मिनिटं माहिती दिली, उद्दिष्टं, सक्षमीकरण वगैरे, मंडळी माना हलवत होती. निघताना एकाने सहज स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, आज काय केलंय? आमच्या ताई म्हणाल्या, "डाळ-भात. रविवारी अंडी द्यायचो, दिवाळीपासून बंद केली. पोरं विचारतात, मी काय सांगू?" त्या संपूर्ण हंगामाची अंडी त्या एका वाक्यावर मिळाली. सचिवांना जरा लागलं ते, पण त्यानंतर आम्ही ठरवलं की महिन्याचा हिशोब स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहायचा, किती आले, किती गेले, किती कमी पडतायत. फळ्यावर आकडा असला की स्वयंपाकाच्या ताई, रात्रीच्या ताई, मुलांचे आजी-आजोबा, कुणीही कुणालाही खरं सांगू शकतो. मात्र एक नियम कडक ठेवा, सांगायचं सगळ्यांनी, पैसे घ्यायचे फक्त पावतीवर किंवा संस्थेच्या खात्यात. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. एका ठिकाणी अध्यक्षांच्या स्वतःच्या फोनचा क्यूआर दोन वर्षं भिंतीवर होता, माणूस सज्जन, एक रुपया खाल्ला नव्हता, पण ऑडिटला ते सिद्ध करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

आणि देणाऱ्याला सोपं करा. इथे आपण फार आळशी असतो. खाते क्रमांक छान रंगीत पोस्टरवर छापून व्हॉट्सॲपवर टाकतो, आता तो फोटोतला नंबर माणसाने कॉपी कसा करायचा? वर चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि ज्यांना दिसतच नाही, जे फोनकडून मेसेज वाचून घेतात, त्यांना त्या पोस्टरमधलं बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. नंबर, आयएफएससी, संस्थेचं नाव साध्या टाइप केलेल्या मेसेजमध्ये पाठवा. सोबत तुमच्या आवाजात एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, तुमच्या बोलीत, "मी अमुक, वसतिगृहावर असते, यंदा असं असं झालंय." निवृत्त लोकांसाठी एक कागद मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला, चेक कुणाच्या नावाने काढायचा आणि कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते लिहून. चेक लिहिणारी पिढी अजून आहे आणि ती मनापासून देते. लोकसत्ता दरवर्षी गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापतं तेव्हा वाचक आपणहून चेक पाठवतात, पुण्यात पितृपंधरवड्यात देणे समाजाचे हे प्रदर्शन भरतं तिथे लोक आईवडिलांच्या आठवणीत देतात. दोन्हीकडे संस्था मराठीतच बोलतात. अशा ठिकाणी पोचण्याचा प्रयत्न करा, निवड होईलच असं नाही, पण त्यासाठी जो एक पानाचा कागद लिहाल तो सगळीकडे चालेल.

गावातल्या माणसांना विसरू नका. तुमच्या तालुक्यातली किती पोरं चाकण-भोसरीला कामाला आहेत, शिक्षकांची पतपेढी आहे, कापड दुकानदार आहेत. आपण पुण्या-मुंबईकडे बघत बसतो आणि शेजारच्याला कधी विचारतच नाही, का तर ओळखीच्या माणसाकडे मागायची लाज वाटते. सरकारची हंगामी वसतिगृह योजना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, तिच्याशी तुमचं काम जोडता येतं का हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारून ठेवा. पैसे उशिरा येतात हे धरून चालायचं, पण विचारायला काय जातंय.

सीएसआर. मी त्याच्या विरोधात नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी, म्हणजे नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) पाचशे कोटी, यातलं एक जरी लागू असलं तरी, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावेत, आणि जिथे त्या काम करतात त्या भागाला प्राधान्य द्यावं. म्हणजे मुंबईच्या मोठ्या कंपनीपेक्षा तुमच्या जवळच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनी तुमच्या जास्त कामाची. तुमच्याकडे तीन वर्षांचं काम, १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थांनी सरकारकडे करायची) हवी. राहिलं इंग्रजी. प्रपोजलमध्ये विचारतात काय तर अडचण कुणाची, तुम्ही काय करता, किती मुलं, खर्च किती, झालं हे कळणार कसं. वरचा हिशोब आणि आठ वर्षांची हजेरीपत्रकं यात सगळं आलं. आधी मराठीत लिहा, खरं लिहा, मग भाषांतर गावातला कॉलेजचा पोरगाही करून देईल. उलटं केलं, म्हणजे आधी इंग्रजीतले मोठे शब्द शोधले, की आपलंच काम आपल्याला ओळखू येत नाही. आणि कुणी म्हणालं की पाच टक्क्यांपेक्षा जास्त पगार-प्रशासन चालत नाही, तर शांतपणे सांगा की ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाला आहे, तुमच्या वसतिगृहातल्या गृहमातेच्या पगाराला नाही.

पण सीएसआर आलं की काम वाकवायचा मोह होतो, हे स्वतः केलेलं सांगते. २०१६ च्या सुमाराला आम्ही बालवाड्या चालवत होतो, एका कंपनीला डिजिटल काहीतरी हवं होतं, आम्ही घाईघाईने कॉम्प्युटर सेंटरचं प्रपोजल दिलं, वीस कॉम्प्युटर आले, बालवाडीच्या दोन चांगल्या कार्यकर्त्या तिकडे वळवल्या. दोन वर्षांनी कंपनीचं धोरण बदललं, कॉम्प्युटरवर कापड पडलं ते पडलंच, आणि मधल्या काळात दोन गावच्या बालवाड्या बंद झाल्या त्या पुन्हा उघडल्या नाहीत. कंपनीने काही फसवलं नव्हतं. आम्ही कशासाठी आहोत हे विचारायचं काम आमच्या अध्यक्षांचं आणि आमचं होतं, ते कुणीच केलं नाही, कारण पैसे येत होते ना. तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगते, कुठले पैसे घेणार नाही याचा ठराव आधी करून ठेवा, खिसा रिकामा असताना असा ठराव होत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांचं तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथे जपून. तुमच्याकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नाही असं धरते. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत, ग्रीन कार्ड असलं तरी. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही ती विदेशी देणगी, एफसीआरए नोंदणीशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही. म्हणून आधी पासपोर्टची कॉपी मागा, रागावला तर रागावला.

आता सर. हे लिहायला अवघड आहे कारण मी त्यांना ओळखत नाही, पण असे सर मी खूप बघितलेत, आणि आदरानेच सांगते. ज्याने संस्था उभी केली त्याला वाटतं की लोक माझ्याकडे बघून देतात, आणि ते खरंही असतं. म्हणून त्यांना "तुम्ही आता थांबा" म्हणू नका. त्यांना म्हणा, सर, तुमच्या डायरीतल्या तीस लोकांना आपण दोघं मिळून फोन करू. पहिली दोन वाक्यं सरांची, "या आमच्या ताई, आता हे त्या बघतात," आणि पुढचं बोलणं तुमचं. आभाराच्या पत्रावर दोघांच्या सह्या. पुण्याच्या त्या जुन्या देणगीदारांनाही दोघं मिळून भेटा, पैसे मागायला नाही, एवढी वर्षं दिलं त्याचा हिशोब सांगायला, किती मुलं होती, किती दहावीपर्यंत गेली. थांबले का हेही विचारा, बहुतेक वेळा कारण आपल्याला वाटतं ते नसतं. सरांनी डायरी उघडली तर अर्धं काम झालं. नाहीच उघडली तर तुमची वेगळी यादी करायला लागा, वाट बघत बसू नका, दिवाळी कुणासाठी थांबत नाही.

कागदपत्रांचं आता पटकन. रोख देणगी २,००० च्या वर असेल तर देणाऱ्याला ८०जी ची सूट मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना तशीही ती मिळत नाही, त्यामुळे "टॅक्स वाचवा" हा मुद्दा आता सगळ्यांपुढे चालत नाही, तो पुढे करूच नका. सूट हवी असणाऱ्यांचा पॅन घ्या, त्यांची माहिती १०बीडी या आयकर खात्याच्या फॉर्ममध्ये भरावी लागते, आत्तापर्यंत ही तारीख ३१ मे राहिली आहे. दानपेटी ठेवली तरी जमेल तितकी नावं-पत्ते लिहून घ्या, निनावी देणग्या मर्यादेबाहेर गेल्या की ३० टक्के कर लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, बोलताना अजून सगळे ८०जी च म्हणतात, पण पावती छापण्याआधी सीएंना दाखवा.

म्हणजे थोडक्यात, आधी ११० चा आकडा, मग फळा आणि साधा मेसेज, मग सरांची डायरी, आणि सीएसआर या सगळ्यानंतर. पण याच्याही आधी एक फोन आजच करा. २०२१ मध्ये ज्या संस्थांना १२ए आणि ८०जी नव्याने पाच वर्षांसाठी मिळालं त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली. तुमची संस्था आठ वर्षांची आहे, म्हणजे बहुधा त्यातलीच. सीएंना विचारा की नूतनीकरणाचा अर्ज गेला होता का, आणि गेला असेल तर ऑर्डरची कॉपी व्हॉट्सॲपवर मागवून घ्या.